कळमेश्वरच्या पुढचे चार मैल

फेब्रुवारीत मी नागपूरला आठ दिवस राहून आले. परतल्यावर शेजारच्यांनी विचारलं, काय काय पाहिलंत? तलाव पाहिला नाही, देवळात गेले नाही, बाजारही धड हिंडले नाही. नागपूरहून कळमेश्वरला आणि तिथून पुढे एका खेड्याला जाणारा रस्ता तेवढा पाहिला, तोही पुन्हा पुन्हा. खेड्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना ते नको आहे.

मी साताऱ्याची. बरीच वर्षं भूगोल शिकवला आणि नोकरी सोडल्यापासून पाहणीची कामं घेते. हे काम रस्त्याच्या कराचं होतं. आपण गाडीत पेट्रोल किंवा डिझेल भरतो तेव्हाच त्यातून कर भरत असतो. विजेच्या गाड्या वाढल्या की तो कर आटत जाणार, आणि मग रस्त्यांची डागडुजी कशातून करायची हा प्रश्न उभा राहणार. त्यावर एक उपाय सुचवला जातो तो असा, की जी गाडी जितके किलोमीटर धावेल तितका कर तिनं द्यावा. पाहणी करणाऱ्या आमच्या गटाला याची नुसती तालीम करून पाहायची होती. पैसा कुणाकडून घ्यायचा नव्हता. राजीखुशीनं तयार झालेल्या काही गाड्यांत एक डबी बसवायची, ती किलोमीटर मोजणार, आणि माझ्यासारखीनं आठवडाभर त्या गाडीतून फिरून चालकाचं म्हणणं लिहून घ्यायचं. माझ्या वाट्याला गजाननची व्हॅन आली होती.

सोमवार, प्रताप नगर

उतरले होते प्रताप नगरात, एका ओळखीच्या घराच्या वरच्या खोलीत. गजानन तिथंच गाडी घेऊन आला. चाळिशीच्या आतबाहेरचा, सडपातळ, गळ्यात मफलर. डबी बसवेपर्यंत तो बाजूला उभा राहून पाहत होता. मग म्हणाला, "हे काय काय सांगते, मॅडम?"

"गाडी कुठून कुठे गेली आणि किती चालली, एवढंच."

"काहून गेली ते नाही सांगत?"

का गेली ते नाही सांगत, असं मी म्हटलं. गाडीत बसता बसता त्यानं मला त्याचं काम सांगितलं. तो राहायला कळमेश्वरला. आठवड्यातले तीन दिवस तो पुढच्या खेड्यांतून डायलिसिसच्या पेशंटना नागपूरच्या इस्पितळात आणतो, ते होईतो थांबतो आणि परत नेतो. उरलेल्या दिवसांत औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची ने-आण करतो. सध्या पेशंट एकच उरला होता. बाकीच्यांचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

वाटेत आम्ही पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते आणि बाजूला लिंबाची फोड असते. इथं वरून हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गजाननने माझ्यापुढे ताकाचा पेला सरकवला. त्या रात्री मी कळमेश्वरला त्याच्याच घरी राहिले, कारण पेशंटला पहाटे घ्यायचं होतं.

मंगळवार

खेड्यात पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. थंडी साताऱ्याच्या थंडीपेक्षा कोरडी, ओठ फाटावेत अशी. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारा कानटोपी घालून तयार बसला होता, आणि त्याच्याशेजारी हातात डबा घेतलेली त्याची बायको. गजाननने ओळख करून दिली. "हे दौलतमामाजी. या पार्वतामामी. मामाजी मैलकुली होते."

मैलकुली हा शब्द मी पुस्तकातच वाचला होता. पूर्वी रस्त्याचा ठरावीक तुकडा एकेका माणसाच्या ताब्यात असे. खड्डे भरायचे, बाजूची नाली मोकळी ठेवायची, पावसात पाणी कुठं तुंबतं ते पाहायचं, पडलेली झाडं बाजूला करायची. दौलतमामांकडे कळमेश्वरच्या पुढचे चार मैल होते. सारी दुनिया किलोमीटरवर आली तरी ते मैलच म्हणत. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आता डागडुजी वर्षा-दोन वर्षांनी एकदाच होते.

मामा पुढच्या सीटवर बसले. गाडी सुरू होताच त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. थोड्या वेळानं त्यांचा हात गजाननच्या बाजूला हलला. "डावी दाब, गजू. मोरी येऊन राहिली." रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या त्या छोट्या पुलापाशी गजाननने गाडी डावीकडे घेतली, आणि उजव्या खिडकीतून मला घमेलं मावेल एवढा खड्डा मागं गेलेला दिसला. पुन्हा काही वेळानं, "आता हळू. इथं खालून पाणी पाझरते, इथं डांबर टिकतच नाई." कळमेश्वर येईपर्यंत हे चाललं होतं. डोळे एकदाही उघडले नाहीत. गावाच्या वेशीशी आलो तशी त्यांनी मान मागं टेकली. आता खरंच झोपले.

"त्याईचे चार मैल संपले," पार्वतामामी हळूच म्हणाल्या.

इस्पितळात चार तास लागतात. त्या काळात मामी बाहेरच्या बाकावर बसतात. त्यांनी डबा उघडून मला जेवायला लावलं. ज्वारीची भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी. "त्याईले असं काई चालत नाई," त्या म्हणाल्या. "पाणीबी मोजून. उन्हाळ्यात काय करावं सांगा. आयुष्यभर उन्हात काम केलेला माणूस, अन् आता गिलासभर पाण्यासाठी माह्याकडे पाहात राह्यते."

परतताना मामा खचून गेलेले असत. तेव्हा ते खड्डे सांगत नसत. गजानन आपल्या आठवणीनंच चालवी.

गुरुवार, रस्त्याच्या कडेला

गुरुवारी आम्ही पोचलोच नाही.

दुसऱ्या मैलात गाडी एका खाचेत उतरली आणि खालून काडकन आवाज आला. मागच्या चाकावरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, तुटले होते. गजानन खाली वाकून पाहून आला आणि फोन लावू लागला. वसाहतीत जाणाऱ्या गाड्या पाळीवर गेलेल्या. एक जीप मिळत होती, ती दुपारनंतर. रुग्णवाहिका दुसऱ्या एका पेशंटला घेऊन गेलेली. शेवटी इस्पितळात फोन केला. यंत्रं मोजकी, माणसं रांगेत. मामांची वेळ गेली की ती दुसऱ्याची. आता शनिवारी.

आम्ही बाभळीखाली बसून राहिलो. बाजूला संत्र्याची बाग होती, झाडं फळांनी वाकलेली. बागवानानं आम्हाला बसलेलं पाहिलं आणि ओंजळभर संत्री माझ्या पदरात आणून टाकली. मी एक सोललं. वास सुटला. मामांनी मान फिरवून रस्त्याकडे पाहायला सुरुवात केली.

"बाई, त्याईच्या समोर नका खाऊ," मामी म्हणाल्या. "त्याईले मना हाय. अन् संत्र म्हणजे त्याईचा जीव होता."

मी ते सोललेलं फळ रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं. काय करावं ते कळेना, म्हणून मी वही काढली आणि प्रश्नावलीला सुरुवात केली. ती वेळ नव्हती, हे मला आज कळतं. शेवटचा प्रश्न असा होता: वापराइतका कर घेतला आणि तो फक्त रस्त्यांवर खर्च झाला, तर तुम्ही द्याल का?

गजानन चाकाशेजारी उकिडवा बसला होता. तो उठला.

"नाही लिवा," तो म्हणाला. "शहरातला माणूस दवाखान्यात जाते दोन किलोमीटर. आम्ही जातो इतक्या दुरून. जो दूर राह्यते त्यानंच जास्त द्यायचं? मामाजी काही हौसेनं जाऊन राहिले का नागपूरले? अन् हे पाटे कोणामुळं तुटले? आधी रस्ता करा, मंग डबी लावा."

मी लिहून घेतलं. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं.

तेव्हा मामा बोलले. आवाज बारीक होता, धाप लागत होती. "माह्यं लिवा, मॅडम. मी देईन."

"तुम्ही काहून देसान, मामाजी? तुमची गाडी आहे का?"

"गाडी नाई. पण मी चालतो ना रस्त्यावरून. रस्ता फुकट नसते गा. कोणीतरी त्याचं करते तवा तो राह्यते. मी करत होतो तवा लोकाईले वाटे, रस्ता आपोआपच हाय. आता कोणी करत नाई, तं दिसून राहिला."

"तुमच्या तीन दिवसाच्या येण्याजाण्याचे किलोमीटर मोजले तं पेन्शन पुरन का?"

"नाई पुरन," मामा म्हणाले. "तरी लिवा."

गजानन तावातावानं दूर गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मामांनी त्या डबीकडे बोट करून मला विचारलं, "इले कळते का, कोणत्या ठिकाणी गड्डा हाय ते?"

"नाही. किती अंतर गेलो एवढंच कळतं."

त्यांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "तं पैसे गोळा होतीन. पण कुठं टाकाचे, हे तिले कोण सांगन?"

दुपारी जीप आली. मामा-मामींना घरी सोडून आम्ही गाडी ओढत कळमेश्वरला नेली.

शुक्रवार, महाल

पाट्यांसाठी नागपूरच्या महाल भागात जावं लागलं. गजाननच्या विश्वासातला कारागीर तिथल्या एका बोळात आहे. बोळ इतका अरुंद की कालची जीप बाहेर लावून पाटे खांद्यावरून न्यावे लागले. दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधून दुचाक्यांची धार. कारागिरानं तुटलेला पाटा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "कोणत्या रोडचा आहे?" गजाननने सांगितल्यावर त्यानं मान हलवली. त्या रस्त्याचे पाटे त्याच्याकडे नेहमीच येतात म्हणे.

दिवसभर आम्ही तिथं बसून होतो. दोन वेळा त्यानं मामींना फोन केला. दुसऱ्या फोननंतर म्हणाला, "पाय सुजून राहिले म्हणते. झोपता येत नाही, बसूनच आहेत."

मी विचारलं, "तू एवढं करतोस त्यांचं. नातं काय?"

"काही नाही. माझे बाबूजी ट्रकवर होते. एकदा त्या रोडवर त्याईचा ट्रक बिघडला, भर उन्हात. मामाजीनं आपला डबा दिला अन् संध्याकाळपर्यंत सोबत बसले. बाबूजी ते मरेपर्यंत सांगत होते." एवढं बोलून तो कारागिराला घाई करायला उठला.

शनिवार, रपटा

शनिवारी मामांना दोघांनी धरून गाडीत बसवावं लागलं. चेहरा फुगला होता. श्वास ऐकू येत होता. मामी पुढं बसल्या आणि त्यांनी मामांना छातीशी टेकवून धरलं. त्या दिवशी मामांनी खड्डे सांगितले नाहीत. गजानन आठवणीनं खड्डे चुकवत चालवत होता.

तिसऱ्या मैलात एक नाला आहे. त्यावर पूल नाही, ओढ्यातूनच जाणारा ठेंगणा रपटा आहे. तिथं गाड्या थांबलेल्या दिसल्या. पहाटे एक भरलेला ट्रक जाताना रपट्याची कड खचली होती. ट्रक ओढून काढला होता, पण त्याच्या मागं रस्त्याच्या निम्म्या रुंदीचं भगदाड राहिलं होतं. दुचाक्या कडेनं निघत होत्या. चारचाकीला वाट नव्हती.

"फिरून जाऊ," गजानन म्हणाला. "रेल्वे फाटकाकडून. तासभर जास्त लागन."

मामांनी डोळे उघडले. "तेवढं मी नाई पुरत, गजू," ते म्हणाले. अगदी सरळ, वेळ सांगावी तसं. "मले खाली उतरव."

मामी रडू लागल्या. मामांनी पुन्हा सांगितलं तेव्हा गजाननने त्यांना उचलून रपट्याच्या तोंडाशी एका दगडावर बसवलं. मामांनी भगदाड पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. नाल्यात गोटे होते. काठाला पिवळसर मुरमाची दरड होती.

तिथं आम्ही दहा-बारा माणसं असू. दूधवाले, कामावर निघालेले मोटारसायकलवाले, ट्रकचा ड्रायव्हर, आणि मी. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. शेजारच्या शेतातून गजानन फावडं, कुदळ आणि दोन घमेली मागून आला. मामा बोलत होते ते जवळच्याला ऐकू जाई, आणि तो मोठ्यानं सांगे. आधी आतली ढिली माती काढा. काठ सरळ छाटा. मोठे गोटे खाली बसवा, रुंद बाजू खाली. फेकू नका, हातानं बसवा. फटीत बारीक दगड ठोका. मग मुरूम, पण एकदम नाही, वीतवीतभर.

मी पदर खोचला आणि घमेलं घेतलं. पंचवीस वर्षं मुलांना खडकांचे प्रकार शिकवले, पण दगड असा कधी वाहिला नव्हता. तिसऱ्या खेपेला हातातून गोटा सुटून पायावर पडला. नख काळं झालं, ते अजून तसंच आहे.

अर्ध्या तासात भगदाड भरलं. गजाननने फावडं टाकलं, गाडी सुरू केली आणि हळूहळू त्यावरून पलीकडे नेली. चाकं थोडी रुतली, पण गेली. तो धावत परत आला. "चला मामाजी."

मामा उठेनात. "पाणी मारणं राह्यलं," ते म्हणाले. "ठोकणं राह्यलं."

"आपली गाडी निघाली ना."

"आपली निघाली. मागून दुधाचा टेम्पो येईन, तो रुतन. दुचाकीवर कोणी बाई येईन लेकराले घेऊन. एवढ्यानं नाई चालत, बापा. दहा मिनिटं."

"तुमचा जीव जाऊन राहिला अन् तुम्ही..." गजानन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. त्यानं मामींकडे पाहिलं. मला वाटलं, त्या आता नवऱ्याला खडसावतील. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, नाल्यात उतरल्या आणि घमेल्यात पाणी भरून आणलं.

मग सगळ्यांनी पुन्हा हात लावला. पाणी मारलं. ट्रकच्या ड्रायव्हरनं बाभळीचा ओंडका उभा धरून मुरूम ठोकला. वर आणखी एक थर, पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणं. मामा कानटोपीखालून पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "रस्त्यापेक्षा दोन बोटं वर ठेव. बसते तो." आणि हात पुढं केला. गजाननने त्यांना उचलून गाडीत ठेवलं.

इस्पितळापर्यंत मी घड्याळाकडे पाहिलं नाही. दारातूनच त्यांना आत नेलं. मामी बाकावर बसल्या, आणि मी त्यांचा हात धरून. तासाभरानं परिचारिकेनं बाहेर येऊन सांगितलं की श्वास सुधारतो आहे. गजानन जिन्यात गेला आणि बराच वेळ आला नाही.

नंतर मला आत बसू दिलं. मामांच्या हाताला नळ्या होत्या, पण चेहऱ्यावर रंग आला होता. मी प्रश्नावली आणली नव्हती. विचारलं, "मामा, मघाशी जे सांगत होतात ते नीट सांगाल का? मी लिहून घेते." ते मशीनकडे पाहत पाहत सांगू लागले. खड्डा कसा भरायचा, नाली कशी काढायची, पाझर असेल तिथं काय करायचं. मी पानंच्या पानं लिहिली. मध्येच त्यांना डुलकी लागे. जागे झाले की जिथं सोडलं तिथूनच पुढं सुरू करीत.

परतल्यावर

सोमवारी मी साताऱ्याला निघाले. गजानन स्टेशनवर पोचवायला आला होता. मामींनी पिशवीभर संत्री पाठवली होती, घरी जाऊन खा असा निरोप देऊन.

अहवाल लिहिला. शनिवारच्या नोंदीत गाडी एका जागी बराच वेळ थांबलेली दिसत होती, तिथं कारण लिहायला रकाना नव्हता. मी एक पान जादा जोडलं. बैठकीत ते वाचलं गेलं. एका तरुण सहकाऱ्यानं विचारलं, मग दूरच्या माणसाला सूट द्यायची, की रस्त्याप्रमाणे दर ठेवायचा? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. गजाननचं म्हणणं खरं आहे आणि मामांचंही. तालीम संपली. पुढचा निर्णय अजून झालेला नाही.

एप्रिलच्या अखेरीस मामा गेले. घरीच, सकाळी, ओट्यावर बसले असताना. गजाननने फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, एका रविवारी, त्याचा पुन्हा फोन आला. मागं पुष्कळ आवाज होते. कुणी दगड टाकत होतं, कुणी हाका मारत होतं.

"मॅडम, आम्ही काही ड्रायव्हर लोक आलो आहोत इथं. मोरीच्या पुढं. एक ट्रॉली मुरूम आणला. पण हे पाझराचं ठिकाण आहे, टाकला की वाहून जाते. मामाजीनं सांगितलं ते तुम्ही लिवून घेतलं होतं ना?"

मी वही शोधली. पान सापडायला वेळ लागला. तो फोन धरून थांबला होता. मी वाचू लागले, जसं त्यांनी सांगितलं होतं तसंच. मी एक वाक्य वाचायचं, त्यानं ते मागच्यांना ओरडून सांगायचं, आणि तिकडून होकार आला की पुढचं वाचायचं.

"आधी पाण्याले वाट करून दे. मंग मुरमाचं पाहा."

"आधी पाण्याले वाट," गजानन तिकडे सांगत होता. "कुदळ आण गा इकडे."